मागच्या अंगणातलं लाकडी स्मोकहाऊस: पाया खणण्यापासून पहिल्या धुरापर्यंत

मांस धुरवायला लोखंडी पिंप, गॅसचा स्मोकर, पेलेट ग्रिल असं बरंच काही तयार मिळतं. तरीही मागे जागा असेल तर लाकडी स्मोकहाऊस, म्हणजे मांस टांगून धुरवायचं छोटं घर, बांधा, असं मी आग्रहाने सांगेन. थंडीत पातळ पत्र्याच्या भिंतींना आतून घाम फुटतो आणि ते काळं, कडवट पाणी थेंबाथेंबाने मांसावर पडतं. लाकडाची भिंत ओल शोषून घेते, ऊब धरून ठेवते, त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. शिवाय मांस जाळीवर आडवं न टाकता टांगता येतं, चारी बाजूंनी सारखा धूर लागतो, आणि एका विस्तवावर घरच्यांसह दोन शेजाऱ्यांचंही काम होतं.

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हे काही नवीन नाही. इथल्या विल्यम्सबर्ग गावात अठराव्या शतकातली स्मोकहाऊस आजही उभी आहेत: चौकोनी, बिनखिडक्यांची, उंच निमुळत्या छपराची खोपटी. मधोमध जमिनीवर मंद धुमसता विस्तव आणि वर आढ्यापर्यंत टांगलेल्या डुकराच्या मागच्या फऱ्या, म्हणजे हॅम. थंडी पडली की डुकरं कापायची, मांस मिठात दाबून ठेवायचं आणि मग धुरवायचं, असं वर्षाचं वेळापत्रकच होतं. या हॅमचा इथे एवढा मान की १९२६ साली राज्याच्या विधिमंडळाने ‘अस्सल स्मिथफील्ड हॅम’ कशाला म्हणायचं हे कायद्यानेच ठरवलं. त्यात डुकरं भुईमुगावर पोसलेली असावीत, अशीसुद्धा अट होती.

खाली दिलेली रचना त्या जुन्या घरांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. आपण विस्तव आत ठेवणार नाही. भट्टी आठ फुटांवर, तिथून जमिनीखालून धुराचा बंदिस्त चर, आणि चराच्या तोंडावर घर. आग लांब हवी आणि धूर वाहता हवा. बांधकामातला प्रत्येक निर्णय या दोन गोष्टींसाठीच घ्यायचा आहे.

जागा आणि परवानगी

राहतं घर, कुंपण, लाकडी डेक (घराला जोडलेला ओटा) आणि झाडांच्या खाली आलेल्या फांद्या या सगळ्यांपासून किमान वीस फूट लांब जागा धरा. आपल्याकडे वारा बहुतेक कुठून येतो हे वेगवेगळ्या वेळी उभं राहून बघा. धूर शेजाऱ्यांच्या खिडक्यांत जाणार असेल तर जागा बदला. नंतर वाद घालून काही साधत नाही. जागेला थोडा उतार असेल तर उत्तम: भट्टी खालच्या अंगाला, घर वरच्या अंगाला. सपाट जागेत भट्टीसाठी खड्डा करावा लागतो आणि मग त्यात पावसाचं पाणी साचू नये याची वेगळी सोय आली.

काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात बांधकामाचे आणि उघड्या विस्तवाचे नियम विचारून घ्या. वसाहतीची संघटना असेल तर तिची परवानगी लेखी घ्या. आणि कुदळ मारण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा. अमेरिकेत ही सेवा मोफत आहे. गॅस, वीज, पाण्याच्या लाइन कुठून जातात त्याच्या खुणा माणसं येऊन रंगाने करून देतात.

लाकूड कुठलं

स्मोकहाऊस चार बाय चार फूट, पुढची उंची ७ फूट ८ इंच, मागची ७ फूट. चौकटीला २ बाय ४ चे वासे आणि भिंतींना १ बाय ६ च्या टंग अँड ग्रूव्ह फळ्या, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते त्या. इकडे नव्याने आलेल्यांसाठी सांगतो: दुकानात ज्याला २ बाय ४ म्हणतात तो प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचाचा असतो आणि १ बाय ६ ची फळी पाऊण इंच जाड, साडेपाच इंच रुंद. त्यातली जीभ खाचेत गेली की एक फळी जेमतेम सव्वापाच इंच झाकते. आठ फुटी फळ्या भिंतींना आणि दाराला मिळून चाळीस लागतात, चार जास्तीच्या घ्या. छपराला दहा फुटी सहा.

जात कुठलीही चालेल असं नाही. वेस्टर्न रेड सीडर, पॉप्लर किंवा ओक घ्या. पाइन स्वस्त असतो, पण गरम झाला की राळ सोडतो आणि तिचा वास मांसाला लागतो. प्लायवूड आणि ओएसबी (लाकडाचे चपटे तुकडे गोंदाने दाबून केलेले तक्ते) आत अजिबात नको, कारण त्यांतल्या गोंदातून तापल्यावर नको ती वाफ येते. वाळवी लागू नये म्हणून रसायन पाजलेलं, हिरवट झाक असलेलं लाकूडही धुराच्या बाजूला नको. जुन्या डेकच्या फळ्या फुकट मिळाल्या तरी हात लावू नका: २००३ पर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात सर्रास आर्सेनिक असायचं. आतून रंग, वॉर्निश, तेल काही लावायचं नाही. बाहेरून काय लावायचं ते लावा.

पाया

पाच बाय पाच फूट जागा आठ इंच खणा. तळाला चार इंच खडी टाकून धुम्मसाने नीट ठोका. त्यावर काँक्रीट ब्लॉकचा चौकोन बांधा, बाहेरून बाहेर चार फूट. मागच्या बाजूला एका ब्लॉकची जागा मोकळी सोडा, तिथून चर आत येईल. चौकोनाच्या आत खडीवर फरशीच्या लाद्या बसवा, म्हणजे पडलेली चरबी खरवडून काढता येते. लाद्यांमध्ये मागच्या अंगाला धुराचं तोंड मोकळं ठेवा.

दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तरच चौकोन काटकोनात आहे. पाणसळ चारी बाजूंना लावून बघा. इथे अर्ध्या इंचाचा फरक राहिला तर दार कधीच नीट बसणार नाही, आणि दार नीट बसलं नाही तर धूर आपल्या ताब्यात राहत नाही. या टप्प्यावर एक अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या.

भट्टी आणि चर

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

भट्टी आतून साधारण वीस इंच लांब, वीस रुंद, वीस उंच. आतला थर फायर ब्रिकचा, म्हणजे आग सोसणाऱ्या विटांचा, आणि सांध्यांना उष्णता सोसणारं रिफ्रॅक्टरी मॉर्टर. साधं सिमेंट तडकतं. नदीकाठचे गोल दगड कितीही देखणे दिसले तरी भट्टीत लावू नका: आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. वर झाकण जाड लोखंडी पत्र्याचं. समोर हवेसाठी फटीचं तोंड आणि त्यावर मागेपुढे सरकणारी पट्टी. विस्तवाचा लगाम म्हणजे ही पट्टी, त्यामुळे ती सहज सरकली पाहिजे आणि पूर्ण बंदही झाली पाहिजे.

भट्टीच्या वरच्या भागातून चर निघतो. आतून सहा बाय सहा इंच, दोन्ही बाजूंना विटा, तळाला विटा, वर लाद्या, सांधे बुजवलेले आणि त्यावर सहा इंच माती. आठ फुटांत तो किमान एक फूट चढला पाहिजे. गरम हवा वर जाते एवढ्या एकाच नियमावर हे घर चालतं, पंखा वगैरे काही लागत नाही. चढ कमी पडला की धूर भट्टीच्या तोंडातून परत येतो. चरातून येताना धूर जमिनीला आपली उष्णता देतो, जड राख आणि काजळीचा काही भाग तिथेच बसतो आणि घरात पोचतो तो निवलेला, हलका धूर. काही जण चराऐवजी जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरतात. भट्टीजवळ जस्त तापलं तर त्याची वाफ विषारी असते. पाइपच वापरायचा असेल तर चुलीला लावतात तो काळा स्टोव्हपाइप घ्या. तो मातीत गंजतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून माझी पसंती विटांनाच.

घरात चर उघडतो तिथे चार विटांवर २४ बाय २४ इंचाचा साधा लोखंडी पत्रा आडवा ठेवा. धूर त्याला आपटून चारी बाजूंना पसरतो, चुकून एखादी ठिणगी आली तर तिथेच अडते, आणि वरून गळणारी चरबी चराच्या तोंडात जात नाही. हा पत्रा विसरू नका. चरबी चरात साचत गेली तर एक दिवस ती पेट घेते.

चौकट, भिंती, छप्पर

ब्लॉकवर आधी डांबरी कागदाची पट्टी, त्यावर व्हाइट ओकचे आडवे वासे बोल्टने पक्के करा. चार कोपऱ्यांत उभे खांब, ओळंब्यात. फळ्या उभ्या लावायच्या असल्याने खिळा मारायला आडवे वासे हवेत: एक तळाला, एक माथ्याला, दोन मध्ये. पुढच्या बाजूला दारासाठी २४ इंच रुंद, ६६ इंच उंच जागा सोडा.

फळ्या लावण्याआधी आठवडाभर अंगणात सावलीत रचून ठेवा, मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे त्या इथल्या हवेला सरावतात. लावताना जीभ खाचेत पूर्ण ठोकू नका, किंचित हालचालीला वाव ठेवा. लाकूड पावसाळी दिवसांत फुगतं, धुरात आकसतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, महाग पडले तरी.

छपराला पुढून मागे पाच फुटी तीन वासे, त्यावर फळ्या, फळ्यांवर पन्हळी पत्रा. चारी बाजूंना सहा इंच पागोळी बाहेर आली पाहिजे. पत्र्याखाली फळ्या असल्याने पत्र्याला सुटलेला घाम आत पडत नाही.

दाराच्या वर, सगळ्यात उंच भागात, धूर बाहेर जायला चार बाय सहा इंचाच्या दोन खिडक्या ठेवा. दोन्ही मिळून ४८ चौरस इंच होतात आणि चराचं तोंड ३६ चौरस इंच आहे. बाहेर जायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी हवी, नाहीतर धूर कोंडतो. खिडक्यांना सरकती झडप आणि माश्या येऊ नयेत म्हणून स्टेनलेसची बारीक जाळी लावा.

दार त्याच फळ्यांचं, मागे आडव्या-तिरप्या पट्ट्या, तीन जाड बिजागऱ्या. चौकटीला चुलीच्या दाराला लावतात ती फायबर ग्लासची दोरी चिकटवली की फट उरत नाही. कडी अशी लावा की आतूनही उघडता येईल. लहान मुलं लपाछपी खेळताना कुठे शिरतील सांगता येत नाही आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

आत दोन पातळ्यांवर, साधारण साडेपाच आणि चार फुटांवर, आधार ठोका. त्यांवर एक इंच जाडीच्या ओकच्या काठ्या टेकवायच्या, खिळायच्या नाहीत. काठ्यांवर स्टेनलेसचे आकडे. मासे आणि लहान तुकड्यांसाठी एखादी जाळी बसेल अशी सोय ठेवा.

रिकाम्या घराला धूर

मांस टांगण्याआधी चार-सहा तास रिकाम्या घराला धूर द्या. आत दोन थर्मामीटर ठेवा: एक खालच्या काठीच्या उंचीला, एक वरच्या. दोन्हींत किती फरक पडतो ते लिहून ठेवा. तापमान हळूहळू ८० सेल्सिअसपर्यंत नेऊन बघा. पट्टी आणि झडप किती उघडल्यावर काय होतं ते या दिवशी शिकायचं. भिंतीच्या सांध्यातून कुठे बारीक धूर येतो तेही दिसेल. थोडासा चालतो, दाराकडून भसाभस येत असेल तर दोरी परत बसवा. आतलं तापमान १०० सेल्सिअसच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा लवकर पेट घेतं. पाण्याचा पाइप आणि अग्निशामक हाताशी हवेत, आणि भट्टी पेटलेली असताना घरी कुणीतरी जबाबदार माणूस हवंच.

जळणाचं लाकूड आणि धुराचा रंग

हिकरी, ओक, मेपल, सफरचंद, चेरी, पेकन: यातलं जे जवळपास मिळेल ते. वर्षभर वाळलेलं असावं. पाइन, स्प्रूस, सीडर जाळायचं नाही. रंगवलेलं किंवा जुन्या फर्निचरचं लाकूडही नाही. महाराष्ट्रात शेतावर कुणी हे बांधत असेल तर आंबा आणि चिंच वापरा. निलगिरी नको. कण्हेर तर विषारीच आहे, तिची काटकीसुद्धा सरपणात येऊ देऊ नका.

लाकडातलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं तयार होतात, आणि आपण ज्याला धुराची चव म्हणतो ती मुख्यतः त्यांची. पण हे नीट व्हायला विस्तवाला पुरेशी हवा हवी. आधी वेगळ्या जागी लाकडं पेटवून चांगले निखारे करा, ते भट्टीत घाला आणि त्यावर दर पाऊण-एक तासाने मनगटाएवढं एकेक लाकूड ठेवत जा. झडपेतून निघणारा धूर विरळ, निळसर दिसला पाहिजे. पांढरा, दाट लोट निघत असेल तर विस्तव गुदमरतोय. अशा धुरात टांगलेल्या मांसावर कडवट थर बसतो आणि जीभ बधिर होते. हवेची पट्टी उघडा आणि धूर निवळेपर्यंत मांस आत नेऊ नका. स्वयंपाकघरात निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देताना आपल्याला दाट धूर हवा असतो, कारण तो काही मिनिटांचा खेळ असतो. इथे तोच धूर तासन्‌तास लागणार आहे.

काय धुरवायचं, काय नाही

टेक्सासची ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), कॅरोलायनाचं पुल्ड पोर्क (शिजवून तंतू सोडवलेलं डुकराचं मांस) हे या घरात करू नका. त्यांना १०७ ते १२१ सेल्सिअस (२२५ ते २५० फॅरनहाइट) तापमान बारा-बारा तास लागतं, आणि ते काम जाड लोखंडी पिटाचं, म्हणजे बंद भट्टीचं. लाकडी घराचं खरं राज्य ५० ते ८० सेल्सिअसमध्ये: बेकन, सॉसेज, मासे. कोंबडी आणि मटणाचा फरा यांना इथे दीड-दोन तास धूर द्यायचा आणि पुढे घरातल्या ओव्हनमध्ये १६० सेल्सिअसला शिजवायचं. कोंबडी आतून ७४ सेल्सिअस झालीच पाहिजे. मटणाचा फरा किमान ६३ आणि मग तीन मिनिटं तसाच ठेवायचा. खिम्याचं काहीही असेल तर ७१. मांसात खुपसायचा थर्मामीटर नसेल तर हा उद्योग सुरू करू नका. क्युअर न केलेलं, म्हणजे नायट्राइटच्या मिठात न मुरवलेलं, मांस ४ ते ६० सेल्सिअसच्या टापूत चार तासांपेक्षा जास्त राहता कामा नये.

सुरुवातीला बेकन करा. दोन किलो पोर्क बेलीला, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाला, ४५ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम गूळ किंवा साखर आणि ५ ग्रॅम क्युअर मीठ क्रमांक १. या क्युअर मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, म्हणून प्रमाण किलोला अडीच ग्रॅम, त्यापेक्षा चिमूटभरही जास्त नको. वजन छोट्या डिजिटल काट्यावरच करा. हे मीठ ओळखता यावं म्हणून मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं. आपल्या घरात सैंधवही गुलाबी असतं, आणि इथेच घोळ होऊ शकतो. सैंधवात नायट्राइट नसतं, त्याने क्युअरिंग होत नाही. उलट क्युअर मीठ चुकून आमटीत पडलं तर ते जीवघेणं ठरू शकतं. डबा वेगळा, चिठ्ठी मोठ्या अक्षरात, आणि जागा स्वयंपाकघराबाहेर. नायट्राइट नुसत्या रंगासाठी नसतं. उबदार, ओलसर, कमी हवेच्या जागेत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढतात आणि स्मोकहाऊस नेमकी तशीच जागा आहे.

मिश्रण मांसाला सगळीकडून चोळा, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये सात ते दहा दिवस ठेवा, रोज उलटा. मग धुवा, पुसा आणि जाळीवर उघडं ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये वाळू द्या. सकाळी बोट लावलं तर पृष्ठभाग ओला लागत नाही, किंचित चिकट लागतो. हा थर येणं महत्त्वाचं आहे, धूर त्यालाच धरून बसतो. ओल्या मांसावर तो ओघळतो आणि पट्टे पडतात. पहिला तास ५० सेल्सिअस, मग हळूहळू ७५ ते ८०, मांस आतून ६५ होईपर्यंत. रंग तांबूस, जुन्या सागवानासारखा आला पाहिजे.

ट्राउट किंवा बांगडा असेल तर लिटरला ६० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन तास, नंतर तसंच वाळवणं, आणि आतून ६३ सेल्सिअस किमान अर्धा तास टिकलं पाहिजे. गोव्याच्या चोरिसांची माळ टांगायला तर हे घर छान आहे: मीठ, मिरची, व्हिनेगर लावलेलं ते डुकराचं मांस मुळात ऊन आणि धूर दोन्ही मागतं. मात्र घरी भरत असाल तर त्यातही क्युअर मीठ हवं.

तीस सेल्सिअसच्या खाली दिवसेंदिवस चालणारं थंड धुरवणं, म्हणजे व्हर्जिनियाचं खरं हॅम, हा पुढचा टप्पा. तिथे मांस शिजतच नाही, सगळी भिस्त मिठावर. त्यात मीठ मुरायला पौंडाला साधारण दीड दिवस धरतात. ते शिकायचं असेल तर व्हर्जिनिया कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन या शेती-सल्ला सेवेच्या स्थानिक कार्यालयात विचारा. कोकणात किंवा मुंबईच्या आसपास मात्र याच्या नादी लागू नका. तिथली हवा वर्षातले बहुतेक दिवस त्यासाठी फार गरम असते.

निगा

दर वेळी लाद्या आणि आडवा पत्रा खरवडून चरबी काढा. भिंतींवर बसणारा तपकिरी थर राहू द्या, पण तो काळा, चकचकीत, खपल्या सुटणारा झाला तर तारेच्या ब्रशने घासा. वर्षातून एकदा चराच्या शेवटच्या दोन-तीन लाद्या उचलून आतली काजळी काढा. काम झालं की झडप आणि दार उघडं ठेवून घर वाळू द्या, नाहीतर बुरशी धरते.

धुरवलेली कोंबडी आणि मासे फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बेकन आठवडाभर. त्यापुढे फ्रीझरमध्ये. भट्टीतली राख दुसऱ्या दिवशीही प्लास्टिकच्या बादलीत किंवा कागदी पिशवीत भरू नका. आत निखारे दोन-तीन दिवस धगधगत राहतात. झाकणाचा लोखंडी डबा घ्या, त्यात पाणी मारा आणि तो डबा घरापासून लांब, उघड्या मातीवर ठेवा.